पार्ल्यातले वन आरके आणि दीड लाखांचे डिपॉझिट

या महिन्यात भाड्याच्या घरांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. तिन्ही पत्रे उपनगरांतील छोट्या घरांबद्दल आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी डिपॉझिटचाच प्रश्न आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट असून तिला अंधेरी पूर्वेला एका रुग्णालयात नोकरी लागली आहे. तिच्याबरोबर तिची कॉलेजमधली मैत्रीण राहणार आहे. दोघींचे मिळून 79 हजार रुपये हातात येतात. विलेपार्ले पूर्वेला लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे वन आरके त्यांना पसंत पडले आहे. भाडे 28 हजार, डिपॉझिट दीड लाख आणि दलाली एक महिन्याच्या भाड्याइतकी. दलाल म्हणतो की करार 11 महिन्यांचाच असल्यामुळे नोंदणीची गरज नाही, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केली की काम झाले. सोसायटी अविवाहित मुलींना राहू देईल का, याचे सरळ उत्तर तो देत नाही; मात्र आजच्या आज दहा हजार टोकन द्या, नाहीतर घर जाईल, असे सांगतो. एवढे भाडे भरणे योग्य आहे का, की मुलींनी लांबचे घर पाहावे? — एक आई, मिरज

उत्तर : आपल्या पत्रातील सर्व गोष्टींमध्ये दलालाचे नोंदणीविषयीचे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटले, म्हणून आधी त्याचाच विचार करते.

एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली आहे आणि त्यातून सुटण्यासाठी 11 महिन्यांची प्रथा देशभर रुळली. महाराष्ट्रात तिला आणखी एक जुनी भीती चिकटलेली आहे. 1 फेब्रुवारी 1973 रोजी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता केवळ राहण्याच्या परवानगीवर, घरात राहत असलेल्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून घरमालक मोठ्या मुदतीच्या कागदाला बिचकू लागले. परंतु 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 ने हे चित्र बदलले. त्याच्या कलम 55 नुसार करार 11 महिन्यांचा असो वा पाच वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

कलम 55 मध्येच असेही म्हटले आहे की करार नोंदलेला नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाईल. हे वाचून काहींना वाटते की मग नोंदणी नसलेलीच बरी. तसे मुळीच नाही. म्हणणे खरे मानले जाण्यासाठी आधी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि मिरजेहून मुंबईत आलेल्या दोन मुली दीड लाखासाठी वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात तारखांना जात राहतील, असे मला वाटत नाही. शिवाय गॅसची जोडणी, बँकेतील पत्ता, सोसायटीची नोंद आणि जुन्या करप्रणालीत राहिल्यास घरभाडे भत्त्याची सवलत या प्रत्येक ठिकाणी नोंदणीकृत प्रतच उपयोगी पडते.

आता वाचवले जाणारे पैसे किती, तेही पाहू. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे वार्षिक दहा टक्के मानीव (केवळ हिशेबापुरते धरलेले) व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. आपल्या बाबतीत 11 महिन्यांचे भाडे 3 लाख 8 हजार आणि दीड लाखावरचे तेवढ्या काळाचे व्याज 13 हजार 750, म्हणजे 3 लाख 21 हजार 750 रुपये झाले. त्यावरचे शुल्क आठशे रुपयांच्या आसपास येते. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी फी एक हजार आहे. हल्ली नोंदणी आधार क्रमांक आणि बोटांच्या ठशांवर ऑनलाइन होते. एजंट यंत्र घेऊन घरी येतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो, तरीही हा सर्व खर्च दीड लाखाच्या तुलनेत फारच किरकोळ आहे. जो दलाल हे वाचवायला सांगतो, तो आपले पैसे वाचवत नाही.

आपण भाडे जास्त आहे का असे विचारले आहे, पण माझ्या मते मुलींचा खरा धोका भाड्यात नाही. भाडे दरमहा जाते आणि त्या बदल्यात महिनाभर डोक्यावर छप्पर मिळते. दीड लाख मात्र एकदा मालकाच्या खात्यात गेले की परत येण्यासाठी त्यांना फक्त कराराचा आधार असतो. केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि आपल्याकडे अजून 1999 च्या कायद्यावरच व्यवहार चालतो. दीड लाख म्हणजे साडेपाच महिन्यांच्या भाड्याच्या जवळपास होतात. भाड्यात हजार-पाचशेची घासाघीस करण्यापेक्षा डिपॉझिट एक लाखावर आणण्याचा आग्रह धरा. मालक भाड्यावर अडून बसतो, डिपॉझिटवर पुष्कळदा ऐकतो, कारण ते त्याचे उत्पन्न नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

करारातील मजकूर मुलींनी मराठीत किंवा त्यांना नीट कळेल त्या भाषेत, बोटाचा ठसा देण्याच्या किमान दोन दिवस आधी मागून घ्यावा. समोर यंत्र ठेवलेले असताना कोणीही अटी वाचत नाही. डिपॉझिट घराच्या किल्ल्या देताना त्याच वेळी परत करावे, वजावट फक्त थकीत वीजबिल, गॅसबिल आणि पावती दाखवून सिद्ध केलेल्या मोडतोडीची असावी, नेहमीच्या वापराने होणारी झीज वजावटीस पात्र नसावी आणि मालकाने रक्कम वेळेवर न दिल्यास ती मिळेपर्यंत भाडे न देता राहण्याचा हक्क मुलींना असावा, एवढे त्यात स्पष्ट लिहिलेले हवे. यांतील शेवटची अट मुंबईतील करारांत नवी नाही. ती मागितल्यावर मालक चिडला, तर त्या चिडण्यातूनही काही कळेलच. लॉक-इनची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे का, तेही पाहावे. मुलींना सहा महिने घर सोडता येणार नाही आणि मालकाला मात्र महिन्याच्या नोटिशीवर त्यांना काढता येईल, असा मसुदा मी एकदा नव्हे, अनेकदा वाचला आहे.

दोघींचीही नावे करारात असली पाहिजेत. एकीचे नाव आणि दुसरी ‘पाहुणी’, असे केल्यास दुसरीचे पैसे तिच्याकडे कोणताही पुरावा न राहता अडकतात. दोघींनी आपापल्या वाट्याचे पंचाहत्तर हजार आपापल्या खात्यातूनच पाठवावेत.

सोसायटीविषयी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देणाऱ्या सभासदाने संस्थेला कळवायचे असते आणि नोंदणीकृत कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हेही मालकाचे काम आहे आणि ते ऑनलाइन होते. प्रत्यक्षात मात्र काही कमिट्या अविवाहितांना नाही म्हणतात, आणि सामान खाली टेम्पोत असताना सेक्रेटरीशी हक्कांविषयी वाद घालण्याची वेळ मुलींवर येऊ नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून टोकन देण्यापूर्वी मालकालाच सेक्रेटरीशी बोलायला सांगा आणि ‘दोन नोकरदार मुली राहणार आहेत, हरकत नाही’ एवढा साधा संदेश लेखी मिळू द्या. तो येईपर्यंत दहा हजार काय, दहा रुपयेही देऊ नका. टोकन देतानाही ते दलालाला न देता मालकाच्या खात्यात जावे आणि सोसायटीने नकार दिल्यास परत मिळेल, असे लिहून घ्यावे. स्वतः न राहता घर भाड्याने दिले म्हणून मालकाकडून सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते, तो 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि तो मालकाने भरायचा असतो, मुलींनी नव्हे.

इमारत जुनी आणि विनालिफ्टची आहे, हे आपण लिहिलेत ते बरे झाले. पार्ल्यात अनेक इमारती एकाच वेळी पुनर्विकासाला गेल्या आहेत. त्यांतील कुटुंबांना बिल्डरकडून भाडे मिळते आणि मुलांच्या शाळेसाठी ती जवळच घर शोधतात. भाडी चढण्याचे ते एक मोठे कारण आहे. विमानतळाच्या उंचीच्या निर्बंधांमुळे काही इमारतींचा पुनर्विकास रखडला आहे, पण रखडलेला प्रश्न कधी सुटेल, हे बाहेरच्याला कळत नाही. सोसायटीने विकासक नेमला आहे का, हे मालकाला थेट विचारा. इमारत रिकामी करण्याची नोटीस आली, तर बिल्डरचे भाडे मालकाला मिळते, मुलींना नाही. अशा वेळी डिपॉझिट पूर्ण परत करून दोन महिन्यांची मुदत द्यावी आणि उरलेल्या काळाच्या प्रमाणात दलालीची भरपाई मालकाने करावी, असे कलम घालून घ्यावे. दलालीचे मालक मान्य करणार नाहीत कदाचित, पण मागून पाहावे.

घर पुन्हा एकदा पाहायला मुलींनी नळाला पाणी येण्याच्या वेळी जावे. दलाल नेहमी दुपारी नेतो. दुपारी प्रत्येक घर कोरडे आणि उजेडाचे दिसते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून मागे हात लावून पाहावा. नव्या रंगाखाली ओल असेल तर भिंत गार लागते, आणि खालच्या कोपऱ्यात नखाने हलके खरवडले की पोपडा सुटून येतो. ओट्याखालचे दार उघडून सिंकच्या पाइपला बोट लावावे. न्हाणीघरातला गिझर पाच मिनिटे चालवून पाहावा. हे सर्व करताना कोणाला संकोच वाटू नये. महिन्याला 28 हजार देणाऱ्या माणसाने भिंतीला हात लावणे यात काही गैर नाही.

आता लांब जाण्याचा प्रश्न. पार्ल्याला जलद लोकल थांबत नाही, तरी अंधेरी हे अगदी पुढचेच स्टेशन आहे. आपल्या मुलीची ड्यूटी रात्री संपत असेल, तर मी जवळचेच घर निवडेन. घाटकोपर–वर्सोवा मेट्रोच्या मार्गावर मरोळ, चकाला या भागांतही शोध घ्यावा. हे भाग अंधेरी पूर्वेतच आहेत आणि पार्ल्याच्या नावाचे पैसे मोजावे लागत नाहीत. विरार किंवा बदलापूरला भाडे निम्म्याहून कमी पडेल, पण रोजचे तीन-साडेतीन तास आणि गर्दीतला प्रवास दिवसभर रुग्णांना हाताने व्यायाम देणाऱ्या मुलीच्या शरीरावर पडेल. 79 हजारांतून 28 हजार भाड्याला जाणे जड आहे, अशक्य नाही. त्याहून जड आहे तो पहिल्या दिवसाचा खर्च : डिपॉझिट, पहिले भाडे आणि दलाली मिळून 2 लाख 6 हजार. ही रक्कम व्याजाने काढावी लागणार असेल, तर हे घर घेऊ नये. सहा महिने कामकरी महिलांच्या वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहून मग घर शोधण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : मुलुंड पूर्वेला वन बीएचके 18 लाख रुपये ‘हेवी डिपॉझिट’वर मिळत आहे. तीन वर्षे भाडे शून्य, शेवटी पूर्ण रक्कम परत. याच घराचे एरवीचे भाडे 30 हजार आहे. मी निवृत्त असून ही रक्कम भविष्यनिर्वाह निधीतून आलेली आहे. मुदत ठेवीपेक्षा हा व्यवहार फायद्याचा दिसतो. करावा का? — एक निवृत्त वाचक

उत्तर : माझे स्पष्ट मत आहे की करू नये.

आपण आपल्या बाजूने मांडलेला हिशेब बरोबर आहे. सात टक्क्यांच्या ठेवीवर 18 लाखांचे वर्षाला 1 लाख 26 हजार, म्हणजे महिन्याला साडेदहा हजार व्याज होते आणि तेवढे सोडून आपल्याला तीस हजारांचे घर मिळते. आता तोच हिशेब मालकाच्या बाजूने मांडून पाहा. तो वर्षाला 3 लाख 60 हजारांच्या भाड्यावर पाणी सोडून 18 लाख वापरायला घेत आहे. म्हणजे त्याला हे पैसे वार्षिक वीस टक्क्यांना पडतात. मुलुंडमध्ये स्वतःच्या नावावर घर असलेल्या माणसाला बँक घर तारण ठेवून याच्या निम्म्या दराच्या आसपास कर्ज देते. तरीही तो वीस टक्के मोजायला तयार असेल, तर बँक त्याला देत नाही, किंवा आधीच देऊन बसली आहे, ही शक्यता सर्वांत मोठी आहे. काही मालकांची कारणे निर्मळही असतात, पण आपल्या आयुष्यभराच्या कमाईने ती शक्यता तपासून पाहण्याचे कारण नाही.

घर बँकेकडे गहाण असेल आणि हप्ते थकले, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. त्या वेळी बँकेचा हक्क तारणाचा असतो आणि आपला 18 लाखांचा दावा केवळ मालकावरचा विनातारण दावा उरतो. करार नोंदणीकृत असला तरी त्याने आपली रक्कम सुरक्षित होत नाही. साध्या भाड्याच्या घरात माणसाचे फार तर लाख-दीड लाख अडकतात. इथे सगळेच अडकते. मालक प्रामाणिक असला तरी तीन वर्षांनंतर 18 लाख परत देण्यासाठी बहुधा त्याला पुढचा हेवी डिपॉझिटवालाच शोधावा लागेल आणि तो सापडेपर्यंत आपण वाट पाहत राहाल.

घर आवडलेच असेल, तर मालकाला तीन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट आणि नेहमीचे भाडे असा प्रस्ताव द्या. आपली रक्कम ठेवीत राहील, व्याजातून भाड्याचा एक तृतीयांश भाग निघेल आणि उरलेले निवृत्तिवेतनातून भरता येत नसेल, तर ते घर आपल्याला परवडणारे नाही, हे आजच कळलेले चांगले.

प्रश्न : ठाण्यात 33 महिने भाड्याने राहून आम्ही घर सोडले. मालक डिपॉझिटच्या 90 हजारांपैकी 35 हजार रंगकाम आणि गिझरसाठी कापतो म्हणतात. घरात शिरताना रंग आधीच जुना होता. किल्ल्या अजून आमच्याकडे आहेत. काय करावे? — एक जोडपे, ठाणे

उत्तर : किल्ल्या अजून दिल्या नाहीत, हे चांगले केलेत, पण त्या फार दिवस धरून ठेवू नका. मुदत संपल्यावर ताबा न दिल्यास 1999 च्या कायद्याच्या कलम 24 नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. आपला तिसरा करार संपण्याची तारीख आजच पाहा. डिपॉझिट मिळेपर्यंत राहण्याचे कलम करारात असेल, तर गोष्ट वेगळी.

रंगाच्या बाबतीत आपले म्हणणे न्याय्य आहे. जवळजवळ तीन वर्षे कोणी राहिले की रंग मळतोच, आणि ती नेहमीची झीज आहे. रंगकामाचा खर्च भाडेकरूने द्यावा, असे करारात स्पष्ट लिहिले नसेल, तर ती वजावट मान्य करू नका. गिझर जुना होऊन बिघडला असेल, तर तोही मालकाचाच खर्च आहे.

गोरेगावचे एक घर सोडताना मीही यातून गेले आहे. ओट्यावरच्या एका टाइलला तडा होता. तो आम्ही राहायला गेलो तेव्हापासूनचा. पहिल्याच दिवशी ओटा पुसताना त्या तड्यात हळद भरलेली मी पाहिली होती, म्हणजे आमच्या आधीच्या कोणाच्या तरी स्वयंपाकाची खूण तिथे होती. पण छायाचित्र काढले नव्हते, म्हणून त्या टाइलचे आणि सोबत संपूर्ण ओट्याचे पैसे डिपॉझिटमधून गेले आणि मला एक शब्दही सिद्ध करता आला नाही. त्या वेळी झालेली चिडचिड अजून आठवते, म्हणून आपल्याला आग्रहाने विचारते : शिरताना कोणाला पाठवलेला एखादा फोटो, वास्तुपूजेचा किंवा मुलाच्या वाढदिवसाचा, ज्यात मागे भिंत दिसते, असा आपल्या फोनमध्ये शोधा. तारखेसह तो पुष्कळ उपयोगी पडतो.

मग मालकाला ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. त्यात घर सोडण्याची तारीख, शेवटच्या वीजबिलाची आणि गॅसबिलाची पावती, 90 हजारांचा हिशेब आणि गिझर दुरुस्तीचे मूळ बिल मागणारे एक वाक्य असावे. किल्ल्या देण्याची तारीख व वेळ त्यातच कळवा आणि त्या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरींना हजर राहण्याची विनंती करा. मालकाने 55 हजारांचाच धनादेश पुढे केला, तर तो घ्या, पण पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतील तर सही करण्यापूर्वी ते खोडून ‘उर्वरित 35 हजारांचा हक्क राखून’ असे आपल्या हाताने लिहा आणि त्या पावतीचा फोटो तिथेच, मालकाच्या समोर काढा.